खण उघडा, ‘ह’ची वाट पाहू नका

पुण्यात येरवड्याला, डेक्कन कॉलेजात, संस्कृतचा एक महाकोश तयार होतो आहे. त्याचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, त्यासाठी लिहून ठेवलेल्या स्लिपा जवळपास एक कोटी आहेत. दुसरी, 1948 साली हाती घेतलेला हा कोश अजून ‘अ’वरच आहे. पहिली ऐकून माना डोलतात, दुसरी ऐकून हसू फुटते. मग कोणीतरी सरकारी कामाबद्दलचा ठेवणीतला विनोद करतो आणि विषय मिटतो.

तो इतक्या स्वस्तात मिटायला नको. कोश कधी पूर्ण होणार हा एक प्रश्न झाला. एक कोटी स्लिपांचे करायचे काय, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे आणि तो कधी धड विचारलाच जात नाही.

1934 साली बंद पडलेले डेक्कन कॉलेज 1939मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. तेव्हा तिथे जी मंडळी आली त्यांत इरावती कर्वे होत्या, पुरातत्त्वाचे ह. धी. सांकळिया होते आणि भाषाशास्त्राचे सुमित्र मंगेश कत्रे होते. कोंकणीच्या घडणीवरचा कत्र्यांचा ग्रंथ भाषेच्या अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. संस्कृतचा कोश ऐतिहासिक तत्त्वावर करायचा, ही योजना त्यांची. म्हणजे शब्दापुढे अर्थ देऊन मोकळे व्हायचे नाही. तो शब्द पहिल्यांदा कुठे सापडतो, पुढच्या शतकांत कोणत्या ग्रंथांतून फिरतो, वैद्याच्या तोंडी त्याचा अर्थ काय होतो आणि ज्योतिषाच्या तोंडी काय, हे सगळे पुराव्यानिशी मांडायचे. त्यासाठी ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकातल्या ‘हास्यार्णव’ या प्रहसनापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडले गेले, 62 ज्ञानशाखांतले. व्याकरण, आयुर्वेद, धर्मशास्त्र, शिल्प, अलंकार, काही सुटले नाही. ते वाचून एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर उतरवून घेण्यात 1973 साल उजाडले. म्हणजे नुसत्या वेचणीलाच पंचवीस वर्षे गेली. अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली छपाईला सुरुवात झाली ती 1976 साली.

या पंचवीस वर्षांत ज्यांनी पोथ्या-पुस्तके समोर घेऊन टाक चालवला, त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणाच्या लक्षात नाहीत. त्यांचे काम मात्र आजही खणात जिथल्या तिथे आहे. स्लिप म्हणजे हाताच्या पंजाएवढा कागद. वर शब्द, खाली तो ज्या वाक्यात किंवा श्लोकात आला ते अवतरण, ग्रंथाचा संक्षेप, अध्याय-श्लोकाचा आकडा. टीकाकाराने अर्थ दिला असेल तर तोही. बस्स, एका कागदावर एकच शब्द आणि एकच ठिकाण. दुसरे ठिकाण सापडले की दुसरा कागद.

हा नियम कंजूष वाटत नाही, उधळा वाटतो. इतका कागद कशाला, वहीत एकाखाली एक लिहून काढले असते की! पण वहीत काय होते ते ‘अक्ष’ या शब्दावर पाहावे. हा शब्द कोशात केव्हाच येऊन गेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे, तिथे अक्ष म्हणजे फासे. ते फासे बेहड्याच्या फळांचे असत, म्हणून आयुर्वेदात अक्ष म्हणजे बेहडाही. वैद्य औषध जोखतो तेव्हा अक्ष हे एका कर्षाएवढे वजन होते. गाडीवानाला अक्ष म्हणजे चाकाचा आस. ज्योतिषी ग्रहगणित मांडतो तेव्हा त्याचा अक्ष म्हणजे स्थळाचा अक्षांश. आणि दर्शनांत शिरले की अक्ष म्हणजे इंद्रिय, ‘प्रत्यक्ष’ या शब्दातला.

खणातून ‘अक्ष’चा गठ्ठा बाहेर येतो तेव्हा हे सारे एकमेकांत मिसळलेले असते. संपादक ते टेबलावर पसरतो आणि ढीग लावतो. फाशांचा एक, आसाचा एक, वजनाचा एक. एखादी चिठ्ठी बेहड्याच्या ढिगात टाकावी की वजनाच्या, यावर अडतो. उचलतो, दुसरीकडे ठेवतो, टीका पुन्हा वाचतो, परत आणतो. मग प्रत्येक ढीग काळाच्या क्रमाने लावतो, जुने वर, नवे खाली. छापील कोशात जी नोंद दिसते ती या ढिगांची शेवटची मांडणी असते. वहीत ओळ जिथे लिहिली तिथे ती जन्मभर बसते. सुट्या कागदाला हलता येते, आणि कार्डाच्या पद्धतीतली सारी मेख तेवढ्या हलण्यात आहे.

ही मेख युरोपात फार आधी सापडली होती. झुरिकच्या कोनराड गेस्नरने 1548 सालीच टिपणे कात्रीने कापून सुटी करा आणि मग लावा, असा सल्ला देऊन ठेवला होता. वनस्पतींना नावे देणारा लिनियस उतारवयात सुट्या कागदांकडे वळला, कारण नव्या जाती येतच होत्या आणि वह्यांत जागा पुरेना. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च आणि सरदारांची पुस्तके सरकारजमा झाली, तेव्हा 1791मध्ये हुकूम निघाला की त्यांची सूची खेळायच्या पत्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करावी. राजा-राणीच्या पाठीवर ग्रंथांची नावे चढली! भारतातही एक वेगळा नमुना घडला. 1897 साली कोलकात्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. तिथले अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे गणित बसवले आणि बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे 1,024 खणांत ठशांचे कागद लावता येऊ लागले. नाव बदललेला आरोपी त्याच्या बोटांवरून खणात सापडू लागला. श्रेय बरीच वर्षे त्यांच्या इंग्रज साहेबाच्या नावे राहिले, हे ओघानेच आले.

पुण्याचा कोश ज्याच्या धर्तीवर बेतला तो ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश. त्याच्या चिठ्ठ्यांची कहाणी डेक्कन कॉलेजच्या खणांकडे पाहताना आठवायलाच हवी. जेम्स मरे यांनी 1879 साली संपादन हाती घेतले तेव्हा आधीच्या वीसएक वर्षांत स्वयंसेवकांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या पोत्यांतून आल्या. एका पोत्यात उंदरांचे बिऱ्हाड होते. ‘एच’च्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्सला निघाल्या. ‘पी-ए’ने सुरू होणाऱ्या शब्दांचा माग आयर्लंडमधल्या एका तबेल्यापर्यंत लागला आणि तोवर त्यांतल्या कितीतरी विस्तव पेटवायला खर्ची पडल्या होत्या. इतके करूनही ‘बॉन्डमेड’, म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी सरकल्या. 1888 साली ‘बी’ छापून बाहेर पडले ते त्या शब्दाविना. त्याला जागा मिळाली 1933च्या पुरवणीत. चिठ्ठी गेली की शब्द जातो, इतका हा साधा हिशेब आहे.

पुण्याच्या वेगाला हसणाऱ्यांनी म्युनिककडेही एकदा पाहावे. लॅटिनचा ‘थिसॉरस’ तिथे 1894 साली सुरू झाला. त्याच्याही चिठ्ठ्या जवळपास एक कोटी. पहिला खंड 1900 साली निघाला, आणि काम आजही चालू आहे. मधे ‘एन’ हे अक्षर त्यांनी सरळ बाजूला ठेवले आणि पुढे गेले, कारण नकाराचे मोठमोठे शब्द त्यात आहेत आणि ते वर्षानुवर्षे खाणार हे दिसत होते. काम 2050च्या आसपास पुरे होईल असा अंदाज ते देतात. जर्मन लोकांना कोणी आळशी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता ‘अ’चा हिशेब. संस्कृतात ‘अ’ हे भलतेच मोठे अक्षर आहे. ‘अधर्म’, ‘अनंत’ अशी नकारार्थी शब्दांची सारी फौज तिथे, आणि अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्गही तिथेच. मोनियर-विल्यम्सचा 1899चा कोश 1,333 पानांचा आहे. त्यात एकट्या ‘अ’ने सव्वाशेच्या आसपास पाने घेतली आहेत. म्हणजे पहिले अक्षर म्हणजे जवळपास दहावा हिस्सा. पुण्याच्या कोशाचे 35 भाग आणि सहा हजारांवर पाने निघाली आहेत, आणि ती याच हिश्शातली आहेत. हा बचाव खरा आहे. पण तोच पुढे नेला की उत्तर गैरसोयीचे येते. पन्नास वर्षांत दहावा हिस्सा, तर उरलेले नऊ हिस्से कधी? पुढची अक्षरे झपाट्याने जातील असे गृहीत धरले, माणसे दुप्पट केली, तरी आज एम.ए.ला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हयातीत ‘ह’ येत नाही. हे मोकळेपणाने कबूल केलेले बरे.

दुसरे एक गणित कोणालाही करता येईल. एकेक स्लिप संपादकाने अर्धाच मिनिट पाहिली असे धरू. एक कोटी स्लिपांना त्र्याऐंशी हजारांवर तास लागतात. वर्षाला कामाचे दोन हजार तास धरले तर चाळीसहून अधिक माणूसवर्षे झाली. हे नुसते नजर टाकण्याचे. ‘अक्ष’सारखा शब्द अर्ध्या मिनिटात सुटत नसतो. घाई करून हा कोश होणार नाही, आणि घाईने केलेला कोश कोणाला नकोच आहे.

मग करायचे काय? गेल्या काही वर्षांत स्लिपांच्या प्रतिमा संगणकावर घेण्याकडे आणि संपादनासाठी खास संगणकप्रणाली वापरण्याकडे संस्था वळली, हे चांगलेच झाले. कागद पिवळा पडतो, शाई फिकी होते. पण प्रतिमा संस्थेच्या संगणकात असणे आणि ती नागपूरच्या, उज्जैनच्या किंवा हाम्बुर्गच्या अभ्यासकाच्या पडद्यावर दिसणे, यांत फार अंतर आहे. ते अंतर सरकारने पैसा देऊन आणि संस्थेने मन मोठे करून मिटवावे. कोश पूर्ण व्हायच्या आधीच खण जगासाठी उघडावेत. संपादन चालू राहील त्याच्या गतीने. पण ‘मंडप’, ‘यंत्र’ किंवा ‘सूत्र’ या शब्दांवर आज काम करणाऱ्याला त्यांच्या स्लिपा आजच हव्या आहेत.

याला खर्च किती? स्लिपा अक्षरक्रमाने लावलेल्याच आहेत, त्यामुळे प्रत्येकीचा मजकूर टंकायची गरज नाही. वरचा शब्द आणि ग्रंथाचा संक्षेप एवढे टंकले तरी शोध चालतो, अवतरण प्रतिमेत वाचता येते. एका स्लिपेला एक मिनिट धरले तर एक कोटी मिनिटांचे काम, म्हणजे चाळीस माणसांना दोन वर्षांहून किंचित जास्त. देवनागरी नीट वाचणारी, संस्कृतची पदवी असलेली आणि नोकरी शोधणारी चाळीस मुले-मुली महाराष्ट्रात मिळणार नाहीत, असे कोणी म्हणू नये.

यावर संपादकवर्गाची हरकत येईल आणि ती रास्त असेल. स्लिपेत चुका असतात. वेचणाऱ्याने संदर्भाचा आकडा चुकवलेला असतो, समास चुकीच्या जागी तोडलेला असतो, जुन्या छापील आवृत्तीतला पाठ नंतर बाद ठरलेला असतो. न तपासलेला माल बाजारात कसा मांडायचा? मांडायचा तो ‘असंपादित’ असा ठळक शिक्का मारून. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाने समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांची सुमारे नव्वद हजार टिपणकार्डे अशीच इंटरनेटवर खुली करायला घेतली आहेत, त्यांच्या गिचमिड अक्षरासकट. लूमान यांनी कार्डांना आकडे-अक्षरे देऊन एकमेकांशी जोडायची स्वतःची पद्धत काढली होती. आज तिच्या नावाने फोनवर ॲप विकली जातात आणि आपल्याकडची तरुण मंडळीही ती हौसेने घेतात. त्यांना येरवड्याचा पत्ता कोणीतरी द्यायला हवा.

शिवाय चुका बाहेरच्या डोळ्यांना लवकर दिसतात. केरळातला आयुर्वेदाचा जाणकार वजनाच्या स्लिपेतली चूक जितक्या चटकन पकडेल तितक्या चटकन ती अलंकारशास्त्राच्या पंडिताला सापडणार नाही. 62 शाखांचे जाणकार एका छताखाली बसवणे कोणत्याच संस्थेला परवडत नाही. ते घरबसल्या सूचना पाठवू शकतात, आणि ती सूचना स्वीकारायची की नाही हे संपादक ठरवू शकतो. यात संपादकाची गरज कमी होत नाही, वाढते. म्हणूनच स्कॅनरला पैसा आणि संपादकाच्या रिकाम्या खुर्चीला ‘पुढच्या वर्षी बघू’, हा सरकारी हिशेब इथे चालणार नाही. यंत्र महिन्याभरात येते. वैदिक स्वर, पाणिनी आणि टीकाकारांच्या लकबी ओळखणारा माणूस तयार व्हायला दहा वर्षे लागतात, आणि तो आधीच्या पिढीच्या संपादकाशेजारी बसूनच होतो.

खण न उघडण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे खण रिकामे करणे. ती आपल्या ग्रंथालयांत सर्रास झाली. पाच इंच बाय तीन इंचाचे कार्ड, तळाशी भोक, त्यातून जाणारी सळई आणि लाकडी खणांचे उंच कपाट, हे दृश्य पन्नाशीच्या वाचकाला आठवत असेल. संगणक आले, कपाटे अडगळ ठरली. अमेरिकेत ग्रंथालयांना छापील कार्डे पुरवणाऱ्या ओसीएलसी या संस्थेने शेवटची कार्डे 1 ऑक्टोबर 2015 रोजी छापली. तोवर तिथे आणि इथेही लाखो कार्डे रद्दीत गेली होती. जागा हवी होती, हे खरेच. पण संगणकात काय गेले आणि काय गेले नाही, हे फार थोड्यांनी तपासले.

मराठी ग्रंथालयातले एकच उदाहरण घ्या. ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली ‘विशाखा’, आणि ‘शिरवाडकर, वि. वा.’ या नावाखाली ‘नटसम्राट’. दोन्ही ठिकाणी एकेक जादा कार्ड, ‘हेही पाहा’ असे सांगणारे. आरती प्रभू यांच्या कवितांपाशी उभ्या असलेल्या वाचकाला चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्यांकडे पाठवणारे कार्डही असेच. अशा ‘पाहा’च्या कार्डावर पुस्तकाचा क्रमांक नसतो, त्यामुळे नोंदी टंकायचे काम ज्याला नगावर दिले जाते त्याच्या लेखी ते कार्डच नसते. ते बाजूला पडते. मग नवा वाचक पडद्यावर ‘आरती प्रभू’ टाइप करतो, कवितासंग्रह मिळवतो आणि ‘चानी’ त्याच ग्रंथालयात दोन कपाटे पलीकडे असल्याचा त्याला पत्ता लागत नाही. टोपणनावांनी लिहिण्याची एवढी हौस असलेल्या भाषेत हे नुकसान लहान नाही. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली. ती आजही पुन्हा पुन्हा उघडावी लागते, याचे कारण सूचीकाराने घेतलेले असे शेकडो लहान निर्णय तिच्यात टिकून आहेत. आपल्या शहरा-गावांतल्या ग्रंथपालांनीही असे निर्णय आयुष्यभर घेतले. त्यांची कार्डे रद्दीवाल्याने वजनावर नेली.

ज्या जुन्या ग्रंथालयांत कपाटे अजून उभी आहेत तिथे करायचे ते फार थोडे आहे. ग्रंथालय संचालनालयाने एक परिपत्रक काढावे, की ‘पाहा’ची आणि हस्ताक्षरात शेरे असलेली कार्डे फोनने का होईना, छायाचित्र काढल्याशिवाय मोडीत काढू नयेत. त्याला निविदा लागत नाही.

डेक्कन कॉलेजच्या कामाला मात्र अंदाजपत्रकात ओळ लागेल. ती मिळाली तर क्रमाचा एक बारकावा आधीच ठरवून घ्यावा. सवयीने कोणीही ‘आ’पासून सुरुवात करील. तसे नको. ‘आ’ला संपादक सर्वांत आधी पोचणार आहेत. टंकायला उलटीकडून बसावे, ‘ह’, मग ‘स’, मग ‘ष’ आणि ‘श’. ‘स’चा पसारा मोठा आहे, सम् आणि सु हे उपसर्ग तिथेच आहेत, आणि छापील कोशाच्या रांगेत त्याचा नंबर जवळपास सर्वांत उशिरा लागायचा आहे.